टॅमॉक्सिफेनची सुट्टी: काही महिन्यांनंतर

स्तनाचा कॅन्सर, हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेनसारख्या हार्मोनवर वाढणारा), दुसरी स्टेज. ऑपरेशन, केमो, रेडिएशन आणि मग रोज 20 मिलिग्रॅम टॅमॉक्सिफेन, त्या हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी. दोन वर्षं गोळी घेतली आणि बाळासाठी थांबवली. आता बरेच महिने झाले, म्हणून लिहितेय.

डॉक्टरांचा होकार ‘पॉझिटिव्ह’ नावाच्या अभ्यासावर आधारलेला होता. तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 42 वर्षांपर्यंतच्या 516 जणींनी 18 ते 30 महिने औषध घेऊन मग जास्तीत जास्त दोन वर्षांची सुट्टी घेतली. तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण त्यांच्यात 8.9 टक्के निघालं, सुट्टी न घेतलेल्या तशाच बायकांत 9.2. पण हार्मोनवाला कॅन्सर दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढतो आणि एवढ्या लांबचं अजून या अभ्यासात दिसत नाही. सासूबाईंना मी फक्त टक्के सांगितलेत.

गोळी बंद केली की लगेच प्रयत्न करायचे नसतात. औषध गर्भाला घातक, ते अंगातून जायला तीन महिने द्यावे लागतात. तोवर कॉपर-टी, कारण हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या आपल्याला चालत नाहीत. याच काळात मॅमोग्राफी उरकली आणि इकोही (हृदयाची सोनोग्राफी) केला. केमोतलं ते लाल औषध हृदयावर परिणाम करू शकतं आणि बाळंतपणात हृदयावर ताण येतोच. इकोचं आठवणीने विचारा.

अंगातून वाफा येणं थांबलं, रात्रीची झोप परत आली. डोकं मात्र थाऱ्यावर नाही. पाठ दुखली की आधी कॅन्सर हाडांत गेला का असा विचार येतो, मग आठवतं, काल पाण्याचे कॅन उचलले होते.

केमोआधी गर्भ गोठवून ठेवलेत. बीजं वाढवायच्या इंजेक्शनांसोबत लेट्रोझोल नावाची गोळी दिली होती, इस्ट्रोजेन फार चढू नये म्हणून. हा विषय मीच काढला, कुणी आपणहून बोललं नव्हतं. साठवणीचं भाडं दरवर्षी भरतोय. 2021 च्या कायद्याने ते दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, त्यामुळे ती घाई नाही. घाई आहे ती गोळी वेळेत पुन्हा सुरू करण्याची.

अजून दिवस राहिलेले नाहीत. आणखी थोडे महिने आपलेआपण बघू, नाहीतर गोठवलेले वापरू. बाळ होवो न होवो, गोळी पुन्हा सुरू करायची तारीख डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून दिलीय. तुम्हीही थांबवण्याआधी तेवढी लिहून घ्या.