केळीसाठी जमीन: चाळणी लावायची की वजन द्यायचं?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळीला कुठली जमीन योग्य, हे क्यूजीआयएसवर (नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर) काढायचे दोन रस्ते.

पहिला चाळणीचा. समजा, उतार 3 टक्क्यांच्या आत हवा, सामू (मातीचा पीएच) 6.5 ते 7.5, निचरा चांगला. प्रत्येक थराला, म्हणजे एकेका निकषाच्या नकाशाला, जागोजागी 1 किंवा 0, मग सगळ्यांचा गुणाकार. एक शून्य आलं की वावर बाद. काम झटपट होतं, गावात समजावायलाही सोपं. पण सातपुड्याच्या पायथ्याशी उतार 3.1 निघाला, की बाकी सगळं सोन्यासारखं असूनही नकाशावर ती जमीन पांढरी. आता 30 मीटरच्या चौकटींच्या एसआरटीएमवरून (अंतराळयानातून रडारने मोजलेल्या उंचीच्या नकाशावरून) काढलेला उतार दशांशापर्यंत खरा मानायचा, हेच मुळात हास्यास्पद!

दुसरा वजनाचा. थरांना गुण, आणि महत्त्व ठरवायचं थॉमस साटींच्या एएचपी (अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस) या पद्धतीने: दोन-दोन निकष समोरासमोर, 1 ते 9 च्या मापावर. या तुलना एकमेकींशी किती जुळतात ते सांगणारं सुसंगती गुणोत्तर 0.10 च्या वर गेलं की तुलना पुन्हा. इथे 3.1 वाली जमीन 'मध्यम योग्य' म्हणून तगते. खोट एकच, पण मोठी: चांगली माती पाण्याची उणीव झाकून टाकते. अमळनेर-पारोळ्याकडचं एखादं रान भरघोस गुण घेऊन बसतं, आणि विहीर मार्चातच तळ दाखवते. केळीला तर बारमाही पाणी लागतं.

म्हणून मी पाणी आणि निचरा आधी चाळणीत घालतो, उरलेल्या वावरांनाच वजन लावतो. ती वजनंही केळीवाल्याच्या बांधावर बसून ठरवतो. तो सामूआधी वाऱ्याचं विचारतो. माझ्या थरांत वारा नव्हताच.