मानवी ‘एक्सिट’ प्रथिन: जेलवर चोख, पेशींवर घालताना जपून

पाषाणच्या आमच्या प्रयोगशाळेत गेले तीन महिने एका परदेशी कंपनीचे रिकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेले) मानवी ईसीएसआयटी प्रथिन वापरात आहे; आपसांत आम्ही त्याला ‘एक्सिट’ म्हणतो. ५० मायक्रोग्रॅमची एक कुपी घेतली तरी लहान गटाच्या वर्षभराच्या रसायनखर्चाला मोठी कात्री लागते. म्हणून ती मागवण्याच्या विचारात असलेल्या पुण्यातील इतर गटांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

या प्रथिनाचे महत्त्व त्याच्या दुहेरी कामात आहे. जंतू ओळखणाऱ्या टोल-लाइक रिसेप्टरकडून आलेली वर्दी टीआरएएफ६ या संदेशवाहक प्रथिनाच्या साथीने पुढे पोहोचवणारा मध्यस्थ म्हणून ते १९९९ मध्ये ओळखले गेले. मायटोकॉन्ड्रियातील (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातील) कॉम्प्लेक्स १ या ऊर्जानिर्मितीतील प्रथिनसमूहाची जुळणी त्याच्यावाचून नीट होत नाही, हे २००७ मध्ये दिसले. या दोन कामांतला दुवा २०११ मध्ये उलगडला: जंतूची चाहूल लागलेल्या भक्षक पेशीत टीआरएएफ६ मायटोकॉन्ड्रियापाशी जाऊन एक्सिटला बिलगते, तेथून सक्रिय ऑक्सिजन रेणू अधिक प्रमाणात निघतात आणि गिळलेले जीवाणू मारण्यासाठी ते उपयोगी पडतात.

कुपी कोरड्या बर्फात, व्यवस्थित गोठलेल्या अवस्थेत आली. प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर कूमासी रंगात एकच ठळक बँड (पट्टा) दिसला, त्याखाली अगदी फिकट सावली. शुद्धतेबाबत तक्रारीला जागा नाही.

तक्रार आहे ती माहितीपत्रकाबद्दल. पूर्ण प्रथिन ४३१ अमिनो आम्लांचे असून त्यातील पहिली ४८ हा मायटोकॉन्ड्रियात शिरण्यासाठीचा पत्ता असतो आणि आत गेल्यावर तो कापला जातो. कुपीत ४९ ते ४३१ हा तुकडा आहे, पण वेष्टनावर त्याचा उल्लेख नाही. तो दुसऱ्या पानावरच्या बारीक अक्षरांत सापडला. परिणामी आमच्या संशोधक विद्यार्थिनीने पेशीद्रवातील ५० किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचे एकक) आसपासचा बँड कुपीतल्या बँडशी जुळत नाही म्हणून चुकीचा ठरवला आणि दोन वेस्टर्न ब्लॉट (प्रतिपिंडाने प्रथिन ओळखण्याच्या चाचण्या) बाद केले. वास्तविक दोन्ही बँड खरेच होते. मायटोकॉन्ड्रियातील रूप सुमारे ४५ किलोडाल्टनचे असते आणि कुपीतील तुकडा त्याच्याशी जुळणारा आहे.

याहून गंभीर बाब एंडोटॉक्सिनची आहे. हे प्रथिन ई. कोलाय जीवाणूत तयार केलेले आहे आणि त्या जीवाणूच्या आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजेच एंडोटॉक्सिन, प्रथिनासोबत कुपीत उतरू शकते. इतर एखाद्या प्रथिनाच्या बाबतीत हे कदाचित चालून गेले असते. येथे मात्र तोच पदार्थ टोल-लाइक रिसेप्टर ४ जागा करतो, म्हणजे ज्या मार्गाचा अभ्यास करायचा त्याच मार्गाला बाहेरून धक्का देतो. गणेशखिंडच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या टीएचपी-१ या मानवी रोगप्रतिकारक पेशींवर आम्ही हे प्रथिन घातले, तेव्हा टीएनएफ-अल्फा हा दाहाचा संदेशरेणू भरभरून वाढला. आनंद फार काळ टिकला नाही. तेच प्रथिन अर्धा तास ९५ अंशांवर तापवून घातले तरी वाढ जवळपास तेवढीच राहिली, आणि लिपोपॉलिसॅकराइडला बांधून निष्प्रभ करणारे पॉलीमिक्सिन बी मिसळल्यावर ती बहुतांशी नाहीशी झाली. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, लिपोपॉलिसॅकराइड मात्र तग धरून राहते; त्यामुळे दिसलेला परिणाम एक्सिटचा नव्हता, हे उघड झाले. मुळात हे प्रथिन पेशीच्या आत काम करणारे आहे. बाहेरून ओतल्यावर ते आपणहून आपल्या जागी पोहोचेल, अशी अपेक्षाच आम्ही ठेवायला नको होती. विक्रेत्याच्या पत्रकात मात्र ‘रोगप्रतिकारक पेशींवरील प्रयोगांसाठी उपयुक्त’ असे छापलेले आहे, आणि एंडोटॉक्सिनचा आकडा कोठेही नाही. विचारणा केल्यावर आठ दिवसांनी उत्तर आले की या बॅचची ती चाचणी केलेलीच नाही.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये खूण म्हणून, प्रतिपिंडाची पारख करण्यासाठी, किंवा शुद्ध टीआरएएफ६ शी होणारी जोडणी नळीत तपासण्यासाठी ही कुपी मी निःशंकपणे सुचवीन. जिवंत पेशींवर वापरायची असेल, तर दर मायक्रोग्रॅममागे एंडोटॉक्सिनची किती एकके आहेत हे खरेदीपूर्वी लेखी मागून घ्यावे. आकडा मिळत नसेल तर सस्तन पेशींत तयार केलेले प्रथिन, महाग पडले तरी, तेच घ्यावे. पुन्हापुन्हा गोठवणे आणि वितळवणे टाळण्यासाठी कुपी पहिल्याच दिवशी लहान नळ्यांत वाटून ठेवावी. आमच्याकडील उरलेल्या सहा नळ्या उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये आहेत आणि त्यांच्या डब्यावर ‘पेशींसाठी नाही’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे.