कुत्रा दिवसभर एकटा: कॅमेरा बरा की शेजारच्या काकू?

जूनच्या मध्याला शाळा उघडल्या की आमच्या जुळे सोलापुरात कुत्री पाळणाऱ्यांचा हा प्रश्न ठरलेला. मे महिनाभर घरात पोरांचा धिंगाणा असतो, कॅरम असतो, दुपारी सगळे कूलरसमोर एकत्र लोळत असतात. मग एका सोमवारी साडेदहाला सगळे गायब. कुत्र्याला कुणी काही सांगितलेलं नसतं. तो दार ओरबाडतो, चपला फाडतो, घरात मुततो. हे सगळं घाबरल्यामुळे होतं, त्यात सूडबुद्धी नसते, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

दुसरा कुत्रा आणायचा सल्ला देणारे भेटतील. त्याच्या वाटेला जाऊ नका. घाबरलेल्या कुत्र्याला माणसं हवी असतात, जोडीदार नाही, आणि कधी कधी दोघं मिळून रडतात. बोर्डिंगचा, म्हणजे पैसे देऊन कुत्रा दुसरीकडे सांभाळायला ठेवायचा, विचार गावाला जाताना करावा. रोज नेणं-आणणं, लसींचं कार्ड दाखवणं, नवी जागा, हे शाळेच्या दिवसांत कुणाला झेपतं? मांजरांचं बहुतेक निभतं. तरी मांजर ट्रे सोडून भलतीकडे घाण करायला लागली तर तीही कंटाळली किंवा धास्तावली असू शकते. आजारपण नाही ना, हे मात्र आधी बघून घ्यावं.

म्हणजे खरी निवड दोघांत: मोबाइलवर दिसणारा, बोलता येणारा कॅमेरा, नाहीतर दुपारी एकदा घरात येऊन जाणारं माणूस. मी दोन्ही करून पाहिलंय.

कॅमेऱ्याचं कौतुक आधी. दोन-अडीच हजारांत काम होतं, किल्ली कुणाकडे द्यावी लागत नाही, कुणाचे उपकार नाहीत. आणि पहिल्या आठवड्यात तो खरंच उपयोगी पडतो. आमचा चिकू दिवसभर रडत असेल असं आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात दार बंद झाल्यावर सुरुवातीचा अर्धा तास त्याला जड जायचा, मग कॉटखाली गार फरशीवर पोट टेकून झोपायचा. हे कळल्यावर उपायही सापडला. आतून पोकळ रबरी खेळण्यात बिनमिठाचा दहीभात दाबून रात्री फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि निघताना पुढ्यात टाकायचा. तो चाटण्यात तो अर्धा तास निघून जातो. (शेंगा चटणी त्यात घालू नका. तिखट-मीठ तर आहेच, पण लसूण कुत्र्यांना बाधतो.)

माझं मन उडालं ते त्या बोलायच्या बटणामुळे. एकदा ऑफिसात जेवायच्या सुट्टीत पाहिलं, तर स्वारी गाढ झोपलेली. मला राहवलं नाही. बटण दाबून म्हटलं, "चिकू, काय करतोस रे?" कान ताठ. उठला, टीव्हीच्या टेबलाजवळ गेला, कॅमेरा हुंगला, टेबलाच्या मागे जाऊन आला. मग दाराच्या खालच्या फटीला नाक लावून बसला आणि जो रडायला लागला तो थांबेना. बरा झोपलेला कुत्रा मीच उठवून बसवला होता. बरं, पुन्हा बोलायचं नाही असं ठरवलं तरी बोट जातंच. मी आवरलं तर बायको बोलणार, ती आवरली तर धाकटी घरी येताच आईच्या मोबाइलवरून हाका मारणार. त्यात पडदा हलला तरी मोबाइल वाजतो. आणि जूनमधल्या पहिल्या गडगडाटाला, म्हणजे कुत्रा सगळ्यात जास्त घाबरतो तेव्हाच, वीज जाते, वायफाय जातं आणि कॅमेऱ्याचा डोळा मिटतो. तुमचा अनुभव कदाचित वेगळा असेल. काही कुत्री आवाज ऐकून शेपूटही हलवत असतील.

काकूंच्या बाजूलाही तक्रारी आहेत. आषाढीला त्या पंढरपूरला जातात. नको म्हटलं तरी भाकरीचा तुकडा भरवतात, त्यामुळे वजन बघावं लागतं. पैसे घेत नाहीत, मग सणावाराला काय द्यायचं याचा विचार आपल्याच डोक्याला. पण दीडच्या सुमारास किल्ली फिरते, "बा इल्ली, बा" असं कानडीत बोलावणं होतं, पाण्याचं भांडं भरलं जातं आणि चिकू मागच्या सावलीत पाय मोकळे करून येतो. डांबरी रस्त्यावर त्या वेळी नेऊ नका म्हणून त्यांना सांगून ठेवलंय. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवत नसेल, तर कुत्र्याचे पंजेही भाजतात. जेमतेम पंधरा मिनिटांचं काम, पण त्याचा दिवस दोन तुकड्यांत वाटला जातो. मला वाटतं, फरक तिथेच पडतो.

तयारी मात्र दोन्हीकडे सारखीच लागते. शाळेच्या आठवडाभर आधीपासून दोन मिनिटं, पाच मिनिटं, पंधरा मिनिटं बाहेर जाऊन परत यायचं. मधूनच किल्ल्या वाजवायच्या, बूट घालायचे आणि कुठेच जायचं नाही. निघताना गळाभेटी नकोत. दारावर नखं रक्ताळेपर्यंत ओरबाडत असेल किंवा एकटा असताना आवडता खाऊही तोंडात घेत नसेल, तर कॅमेरा आणि काकू दोन्ही बाजूला ठेवून पशुवैद्यांकडे जा. माणसांच्या गोळ्या अर्ध्या करून देण्याचा उद्योग करू नका.

ज्यांना असा शेजार नाही, फ्लॅटमध्ये नवेच आहात, त्यांनी कॅमेरा जरूर घ्यावा. नुसतं पाहायचं असेल तर घरातला जुना मोबाइलही चालतो. घेतलाच तर माइकची परवानगी सेटिंगमधून बंद करून टाका. आणि काकूंसारखं कुणी मिळालं तर त्यांचा पाण्याचा दिवस आधी विचारून घ्या. नळ आला की त्यांना घर सोडता येत नाही. त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मीच सात रस्ता चौकाहून गाडीवर घरी येऊन जातो.