ई-मुलाकात की अंतर्देशीय पत्र?

ओळखीतल्या एका मावशींचा मुलगा नागपूरला वर्धा रोडच्या सेंट्रल जेलमध्ये आहे. त्या राहतात गोंदियाकडे, आणि त्यांचा प्रश्न सरळ आहे: मोबाइलवरची ई-मुलाकात, म्हणजे कैद्याशी व्हिडिओ कॉलवर भेट, घ्यावी की पत्र लिहावं?

पैशाचं आधी उरकतो. अंतर्देशीय पत्र अडीच रुपयांचं, पोस्टकार्ड पन्नास पैशांचं. पोस्टकार्ड मात्र नकोच. पोस्टमनपासून सगळे वाचतात. ई-मुलाकातीला सरकारी फी नाही, पण फॉर्म कॅफेतून भरला तर त्याचे पैसे वेगळे.

खरा फरक खटाटोपाचा आहे. ई-प्रिझन्स या तुरुंगांसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतःची माहिती, ओळखपत्राचा नंबर, ई-मेल आणि कैद्याची माहिती भरावी लागते. ओटीपी येतो, म्हणून फोन जवळ हवा. मग जेलने मंजुरी दिली की ठरल्या वेळी व्हिडिओ कॉल. नावाचं स्पेलिंग जेलच्या नोंदीसारखंच ठेवा. गावात नेट गेलं तर गेली मुलाकात! पत्राला यातलं काही लागत नाही, फक्त पत्त्याच्या जागी कैद्याचं पूर्ण नाव आणि नंबरही लिहा.

खासगीपणा दोन्हीकडे बेताचाच. पत्रं जेलचे अधिकारी तपासतात. केसबद्दल बोलायचं ते वकिलाशीच.

टिकण्यात पत्र पुढे, कॉल संपला की संपला.

लेकराचा चेहरा पाहायचा असेल, काही लगेच ठरवायचं असेल आणि घरात फोन चालवणारं कोणी असेल, तर ई-मुलाकात. फोन जमत नसेल किंवा मन मोकळं करून लिहायचं असेल, तर पत्र. मावशींना मी पत्रच सुचवलं. नातू सुटीत आला की ई-मुलाकात.