कूलरसमोरचे नऊ महिने: मध्यम किमतीच्या गेमिंग हेडफोनचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी संगणकावर गेम खेळण्यासाठी एक हेडफोन घेतला. तो तारेचा आहे, पूर्ण कान झाकणारा आहे आणि त्याच्या कपांची मागची बाजू बंद आहे, म्हणजे ज्याला क्लोज्ड बॅक म्हणतात तसा. तीन ते पाच हजार रुपयांची मर्यादा ठरवून जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये गेलो होतो, तेथे तो ३,८०० रुपयांना मिळाला. आता ऑगस्ट चालू आहे. हिवाळा, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा असे तिन्ही ऋतू या हेडफोनने अमळनेरमध्ये माझ्या डोक्यावर काढले आहेत. मॉडेलचे नाव मी देत नाही, कारण याच किमतीत याच घडणीचे चार-पाच हेडफोन सहज मिळतात आणि मला जे सांगायचे आहे ते त्या सर्वांना लागू पडते. खानदेशात गेमिंगचा हेडफोन निवडताना आधी आपल्या खोलीतला आवाज आणि उकाडा पाहावा, खोक्यावरचे आकडे नंतर वाचावेत.

मार्चच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत आमच्याकडे कूलर बंद ठेवून खोलीत बसता येत नाही. मे महिन्यात जळगाव जिल्ह्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि रात्री अकरा वाजताही भिंती गरमच असतात. माझा कूलर लोखंडी पत्र्याचा, मोठ्या पंख्याचा आहे. त्याची घरघर, हवेची सळसळ आणि पाण्याची टिपटिप या तिन्हींच्या खाली गेममधला शत्रूच्या पावलांचा आवाज पूर्ण दबून जातो. पूर्वी मी कानात अर्धवट बसणारे साधे इअरफोन वापरत असे आणि कूलर चालू असताना विंडोजचा आवाज ८० पर्यंत नेत असे. बंद पाठीच्या या हेडफोनवर तेच काम ४० च्या आसपास होते. बंद कप खालच्या पट्टीतला आवाज फारसा अडवू शकत नाहीत, त्यामुळे पंख्याची घरघर थोडी ऐकू येतेच. परंतु मधल्या आणि वरच्या पट्टीतली सळसळ ते चांगली रोखतात, आणि पावलांचा, बंदूक भरण्याचा, काच तुटण्याचा आवाज नेमका तेथेच असतो. हा फरक केवळ खेळापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये, आणि दर ३ डेसिबल वाढीमागे ही वेळ निम्मी होते. कूलरवर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेणारा माणूस ती मर्यादा नकळत ओलांडतो. रात्री खेळून उठल्यावर पूर्वी माझ्या कानात बारीक शिट्टी वाजत राहायची, ती या उन्हाळ्यात एकदाही वाजली नाही. माझ्या दृष्टीने ३,८०० रुपये तेथेच वसूल झाले.

पुण्यात मित्राकडे मी उघड्या पाठीचा, म्हणजे ओपन बॅक हेडफोनही दोन संध्याकाळी वापरून पाहिला. आवाजाचा मोकळेपणा त्यात निश्चितच जास्त आहे आणि कानही थंड राहतात. शांत खोलीत खेळणाऱ्याने तोच घ्यावा, असे मी मनापासून सांगेन. मात्र त्यातून बाहेरचे सर्व आत येते आणि आतले सर्व बाहेर जाते, त्यामुळे कूलर असलेल्या आणि शेजारी घरची मंडळी झोपलेल्या खोलीत त्याचा उपयोग नाही.

आता तक्रारीची गोष्ट, जी मला खरेदीच्या वेळी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते. हेडफोनसोबत आलेल्या कानाच्या गाद्या कृत्रिम चामड्याच्या होत्या. दुकानात हात लावला तेव्हा त्या लोण्यासारख्या मऊ लागल्या. एप्रिलमध्ये अर्ध्या तासातच कानाभोवती घामाचे कडे जमू लागले. कूलरची हवा दमट असते, त्यामुळे तो घाम वाळतही नसे. पॉलियुरेथेनचा हा थर ओलाव्याने हळूहळू विघटित होतो आणि घाम ते काम लवकर उरकतो. मेच्या शेवटी डाव्या गादीच्या आतल्या शिवणीजवळ पहिली सुरकुती दिसली. जूनमध्ये तेथून काळ्या पापुद्र्याचे लहान लहान तुकडे सुटून गालाला आणि केसांना चिकटू लागले. आईने जेवायला वाढताना माझ्या कानाकडे पाहून "हाई काय काये लागेल शे?" (हे काळे काय लागले आहे?) असे अहिराणीत विचारले, तेव्हा आरशात पाहिले. वॉरंटीबद्दल विचारले असता गाद्या हा झिजणारा भाग असून त्यावर वॉरंटी नसते, असे उत्तर मिळाले.

यावर उपाय म्हणून मी आधी पूर्ण कापडी गाद्या बसवल्या. कान थंड राहिले, परंतु कूलरचा आवाज पुन्हा आत येऊ लागला आणि खालच्या पट्टीतला भरीवपणाही कमी झाला, कारण कापडातून हवा निसटते. नंतर ४५० रुपयांत अशा गाद्या मिळाल्या, ज्यांची त्वचेला लागणारी बाजू कापडाची आणि कडेची बाजू चामड्यासारख्या थराची आहे. त्यांनी दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी सांभाळल्या आणि गेले दीड-दोन महिने त्याच वापरतो आहे. म्हणून खरेदी करताना पहिला प्रश्न हा विचारावा, की गाद्या काढून बदलता येतात का आणि त्या मापाच्या गाद्या सुट्या मिळतात का. ज्या हेडफोनच्या गाद्या चिकटवलेल्या असतात, तो आपल्याकडे एका उन्हाळ्याचा सोबती समजावा.

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेले होते ते ७.१ सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी स्पीकर असल्यासारखा आवाज. प्रत्यक्षात प्रत्येक कपात एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर आहे आणि बाकीचे सर्व सॉफ्टवेअर करते. याची परीक्षा मी आणि माझ्या चुलतभावाने एका रविवारी केली. खासगी सामन्यात मी मोकळ्या चौकात एका जागी उभा राहिलो आणि डोळे मिटले. तो माझ्याभोवती धावत फिरला आणि थांबला की मी दिशा सांगायची, असे ठरले. डावे-उजवे मी एकदाही चुकलो नाही. दोन कानांपर्यंत आवाज पोहोचण्यात जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि मेंदू तेवढ्यावर बाजू ओळखतो, ते काम साधा स्टिरिओ हेडफोन नीट करतो. चुका झाल्या त्या पुढे-मागे ओळखण्यात, कारण ती ओळख कानाच्या पाळीच्या आकारावर अवलंबून असते आणि प्रत्येकाची पाळी वेगळी. ७.१ चालू केल्यावर या चुका कमी होण्याऐवजी वाढल्या आणि आवाज बादलीतून आल्यासारखा पोकळ झाला. अनेक नेमबाजीच्या गेममध्ये दिशा दाखवण्यासाठी एचआरटीएफ ही सोय आतच दिलेली असते. तिच्यावर पुन्हा ७.१ ची प्रक्रिया लावली की दोन्ही एकमेकांत मिसळून गोंधळ होतो. तेव्हापासून गेममधली सोय चालू आणि बाहेरची बंद, अशीच मांडणी मी ठेवली आहे. इक्वलायझर एपीओ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये १५० हर्ट्झच्या खालचा आवाज चार डेसिबलने कमी केल्यावर स्फोटांच्या गडगडाटाखाली पावले दबेनाशी झाली. माझ्या मते ७.१ पेक्षा या एका बदलाचा लाभ मोठा आहे.

बिनतारी हेडफोनचा विचार मी लवकर सोडला. साध्या ब्लूटूथवर आवाज बहुधा १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा येतो आणि माईक सुरू केला की गेमचा आवाज टेलिफोनसारखा होतो. २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल, म्हणजे संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर असलेले हेडफोन या दोन्ही अडचणींतून मोकळे असतात, परंतु माझ्या मर्यादेत तशा हेडफोनची घडण मला ठिसूळ वाटली.

माईकबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. सुरुवातीला सोबतच्या खेळाडूंना माझ्या बोलण्यामागे सतत वारा ऐकू येई. माईकची काडी मी ओठांसमोरून काढून तोंडाच्या कोपऱ्याजवळ, दोन बोटांच्या अंतरावर आणली, त्यावर फोमची टोपी चढवली आणि कूलरचा झोत पाठीवर येईल अशी खुर्ची फिरवली, तेव्हा हा त्रास बराच कमी झाला. उरलेला डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपमधल्या क्रिस्प नावाच्या गोंगाट गाळणाऱ्या सोयीने काढला. त्याखेरीज एक बारीक गुणगुण राहिली होती, जी मी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की कमी होत असे. मी हेडफोनलाच दोष देऊन तो परत करण्याच्या तयारीत होतो. परंतु वायरमनने बोर्ड उघडल्यावर अर्थिंगची तार सुटलेली निघाली. ती जोडल्यावर गुणगुण थांबली. ज्यांच्याकडे असा आवाज येतो, त्यांनी हेडफोन बदलण्यापूर्वी आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठीही, आधी अर्थिंग तपासून घ्यावे.

मी चष्मा वापरतो, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात कानशिलांवर काड्यांचे वळ उठत. हेडफोन त्याच्या स्वतःच्या खोक्यावर ताणून चार रात्री ठेवल्यावर पकड सैल झाली. दुकानात जाताना चष्मा लावून जावे, हेडफोन निदान दहा मिनिटे डोक्यावर ठेवावा आणि दुकानदाराला पंखा पूर्ण वेगाने लावायला सांगून मग ऐकावे. माझी तार डाव्या कपातून निघते आणि काढता येते. जुलैमध्ये पिनजवळ ती खरखरू लागली, तेव्हा दुसरी तार लावून त्याच संध्याकाळी मी पुन्हा खेळायला बसलो.