45 वॉटचा ‘ड्रायर’

केस सुकवणे आणि कुरळे करणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करणारे मोटरचे यंत्र म्हणून मी जे विकत घेतले, त्याने माझी शुद्ध फसवणूक केली, हे ज्या क्षणी लक्षात आले, त्या क्षणी कानामागची बोटभर जाड बट त्याच्या तोंडात अडकलेली होती आणि मोटर थांबायचे नाव घेत नव्हती.

जाहिरातीतील चित्रफितीत ओल्या केसांची बट यंत्राच्या खाचेत धरली जाते, आतील फिरती कडी ती तापलेल्या नळीभोवती गुंडाळते आणि काही सेकंदांत कोरडी, वळणदार बट बाहेर येते. यातील गुंडाळण्याचा भाग खोटा नाही, कारण स्वयंचलित कर्लर तसेच चालतात. मात्र चांगल्या बनावटीत केसांचा गुंता झाला की मोटरवरचा ताण वाढून ती जास्त विद्युतप्रवाह ओढू लागते, आणि ते ओळखून आतील सर्किट मोटर थांबवते किंवा उलटी फिरवते. माझ्या यंत्राच्या खोक्यावरही ही सोय ठळक अक्षरांत छापलेली होती. प्रत्यक्षात मी प्लग उपटला, तेव्हा कुठे ते थांबले, आणि बट शेवटी कात्रीनेच सोडवावी लागली.

पुढे विद्युत उपकरणे दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी ते माझ्यासमोर उघडले. बटणापासून निघालेल्या दोन तारा थेट मोटरला जोडलेल्या होत्या. मधे ताण ओळखणारे काहीच नव्हते. तापमानाच्या तीन पायऱ्या दाखवणारे बटण फक्त दिव्याचा रंग बदलत होते, आणि उष्णता हाताबाहेर गेल्यास वीज तोडणारा थर्मल फ्यूज तर औषधालाही नव्हता. हे पाहून मला केस गेल्यापेक्षा, एवढ्यावरच निभावले याचे अधिक वाटले.

खरी गंमत अशी की दांड्याच्या तळाशी असलेली पट्टी मुळीच खोटे बोलत नव्हती. तिच्यावर 45 वॉट असे लिहिलेले होते, आणि मी ते वाचलेच नव्हते. नळी तापवून केसांना वळण द्यायला तेवढी शक्ती पुरते. परंतु केस सुकवणाऱ्या सामान्य ड्रायरला 1000 वॉट किंवा त्याहून अधिक लागतात, कारण पाण्याची वाफ करायला प्रत्येक ग्रॅममागे सुमारे 2260 जूल ऊर्जा खर्ची पडते. ओल्या केसांत 50 ग्रॅम पाणी धरले, तर 45 वॉटची सगळी उष्णता त्या पाण्यालाच मिळूनही चाळीस मिनिटांहून अधिक वेळ लागेल. शिवाय यंत्रात पंखाच नव्हता, म्हणजे वारा कुठून येणार? त्यातून ओल्या केसांवर तापलेली नळी दाबून धरणे हाच मुळात घातक प्रकार आहे. केसाच्या आतील पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि केस तेथेच ठिसूळ होऊन तुटतो. त्वचारोगशास्त्रात याला ‘बबल हेअर’ असे नाव आहे.

विक्रेत्याला मी उघडलेल्या यंत्राची आणि त्या पट्टीची छायाचित्रे पाठवली. आत केस अडकलेले दिसत असल्याने वस्तू वापरलेली ठरते व आरोग्याच्या कारणास्तव परत घेता येत नाही, असे उत्तर दोन दिवसांनी आले. जाहिरातीत मात्र ती बट अजूनही कोरडी होऊन बाहेर येतेच आहे.