भुजहून आणलेला कच्चा गुग्गुळ: वापरानंतरचा अभिप्राय

भुजच्या बाजारातील काष्ठौषधींच्या एका जुन्या दुकानातून मी शंभर ग्रॅम कच्चा गुग्गुळ, म्हणजे एका काटेरी झुडपाची औषधी राळ, आणला. पूर्वी दुसरीकडे घेतलेल्या पुडीत निम्मा बाभळीचा डिंक निघाला होता, म्हणून या वेळी घरी आल्यावर आधी जुनी परीक्षा केली. खरा गुग्गुळ विस्तवावर धूर सोडत जळतो, उन्हात मऊ पडतो आणि गरम पाण्यात घोळला की दुधासारखा पांढुरका द्रव होतो. या खड्यांनी तिन्ही कसोट्या पार केल्या. रंग तपकिरी-सोनेरी, चव कडू, वास दाट आणि उदासारखा होता. त्रिफळ्याच्या काढ्यात पोटली टांगून शोधन (शुद्धीकरण) केले, तेव्हा सालीचे तुकडे आणि वाळू मिळून जेमतेम चमचाभर गाळ उरला; इतका स्वच्छ माल मला क्वचितच मिळाला आहे.

माझी तक्रार पुडीसोबतच्या चिठ्ठीबद्दल आहे. तीत ‘कोलेस्टेरॉलवर रामबाण’ असे छापले आहे. गुग्गुळाच्या राळेत गुग्गुलस्टेरॉन हे स्टेरॉइड वर्गातील संयुग ई आणि झेड अशा दोन रूपांत असते आणि यकृतातील पित्ताम्लांच्या ग्राहकाला (त्यांचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) ते अडवते, हे २००२ मध्ये दाखवले गेले. त्याआधी, १९६६ मध्ये, डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या (चरबी वाढण्याच्या विकाराच्या) वर्णनाचा धागा धरून सशांवर प्रयोग केले होते आणि त्यांतूनच पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेचे गुगुलिपिड हे गुग्गुळाच्या अर्काचे औषध तयार झाले. हा वारसा मला अतिशय मोलाचा वाटतो. परंतु अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १०३ प्रौढांवर आठ आठवडे केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुगुलिपिड घेणाऱ्यांचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, कमी होण्याऐवजी ४ ते ५ टक्क्यांनी वाढले, शिवाय काहींच्या अंगावर पुरळ उठले. एवढे समोर असताना ‘रामबाण’ म्हणणे चुकीचे आहे. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम ही हृदयविकाराची औषधे रक्तात कमी पोहोचतात आणि गरोदरपणात तो टाळावा लागतो. चिठ्ठीत याबद्दल एक ओळही नाही. मी स्वतः तो वैद्यांच्या सल्ल्यानेच आणि केवळ गुडघेदुखीसाठी घेतला. सकाळचा ताठरपणा थोडा कमी झाल्यासारखा वाटला, पण त्याच काळात मी व्यायामही सुरू केला होता, त्यामुळे सगळे श्रेय गुग्गुळाला देता येणार नाही.

शेवटी मूळ झुडपाविषयी. कच्छ, राजस्थान आणि सिंधच्या खडकाळ, कोरड्या जमिनीत वाढणारे हे काटेरी झुडूप चिरा देण्याजोगे व्हायला साधारण आठ-दहा वर्षे लागतात. खोल चिरा देऊन आणि राळ जास्त पाझरावी म्हणून त्यांत रसायन भरून ती काढली, तर झुडूप बहुधा वाळून जाते. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या लाल यादीत ही वनस्पती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. दुकानदारांनी माल जंगलातला असल्याचे प्रामाणिकपणे सांगितले, मात्र तो कोणी आणि कसा काढला हे त्यांना सांगता आले नाही. शुद्धतेसाठी मी पाचपैकी पाच तारे दिले असते, पण ही चिठ्ठी आणि काढणीची अनिश्चितता या दोन कारणांसाठी तीनच देत आहे. लागवडीचा गुग्गुळ आल्यास कळवण्याचे त्यांनी कबूल केले आहे. पुढची खरेदी मी तेव्हाच करणार आहे.